रेडिओचा पट्टा काढला त्या वर्षी

माझा नवरा गेला त्याच आठवड्यात आमच्या कारखान्यात नवे मॅनेजर रुजू झाले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. पण पुढे बरीच वर्षं त्या माझ्या डोक्यात एकाच गाठीत बांधल्यासारख्या राहिल्या.

नवरा खनिजाचा ट्रक चालवायचा. खाणीतून माल भरायचा आणि नदीवरच्या धक्क्यावर ओतायचा. एका उतारावर ट्रक कलंडला. मला निरोप आला तेव्हा मी कामावर होते. माझ्या हातात एक अर्धा जोडलेला रेडिओ होता, तो मी पुढच्या बाईकडे सरकवला आणि मग उठले, असं बायकांनी मला नंतर सांगितलं. मला ते आठवत नाही.

कारखाना डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत होता. गोवा राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली होती. आम्ही ट्रान्झिस्टर रेडिओ जोडायचो. एक लांब रबरी पट्टा सावकाश सरकत असायचा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना बायका बसलेल्या. एकीनं एक तार सोल्डर करायची, दुसरीनं दुसरी, तिसरीनं बटण बसवायचं. पट्ट्याच्या शेवटी रेडिओ बोलू लागायचा. असे चार पट्टे आणि चार सुपरवायझर. त्यांतली एक मी. मी स्वतः पट्ट्यावर बसूनच वर आले होते. घर पेडण्याला. सकाळच्या बसनं म्हापशाला यायचं आणि तिथल्या स्टँडवरून कंपनीची गाडी पकडायची. घरी सासू आणि आम्ही दोघं. मूल नव्हतं.

बारावं झालं आणि काही दिवसांनी मी कामावर परत आले. सासू म्हणाली, "इतक्यात?" मी म्हटलं, "घरात बसून काय करू?" तिला ते लागलं असणार. मला मात्र ते बोलताना काहीच वाटलं नाही. त्या दिवसांत मला कशाचंच काही वाटत नव्हतं. कोलवाळच्या पुलावरून बस जाताना खाली नदी दिसायची, ती नदी आहे एवढं कळायचं. जेवण गिळलं जायचं. बायका मला बघून गप्प व्हायच्या, तेही दिसायचं. काचेच्या पलीकडे सगळं चाललंय आणि आवाज जरा उशिरा पोचतोय, असं काहीतरी.

नव्या मॅनेजरांनी मला पहिल्यांदा पाहिलं ते कपाळ मोकळं असतानाच. त्यांना वाटलं असेल, ही बाई अशीच आहे, कधीचीच विधवा. कोणी त्यांना सांगितलं नाही. सगळ्यांना वाटलं, त्यांना ठाऊक असेलच.

ते बेळगावचे. पन्नाशीच्या आतले, बारीक, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचे. आल्यावर महिन्याभरानं त्यांनी सगळ्यांना कँटीनमध्ये जमवलं. भिंतीला फळा टेकवून ठेवला होता.

"आपले रेडिओ कोणी घेत नाही," ते म्हणाले. "गोदाम बघून या. घरोघरी टीव्ही आलाय. बाहेरचा माल अजून यायचाय, तो आला की आपण संपलो. आपल्याकडे दोन रस्ते आहेत. एक, कुलूप लागेपर्यंत रेडिओ जोडत राहायचं. दुसरा, दुसरं काहीतरी करायचं. लोक गावोगावी टेलिफोन मागताहेत. आपण टेलिफोन जोडू."

मग ते फळ्याकडे वळले. वर एक चौकोन, त्याखाली चार, त्याखाली पुष्कळ, असं चित्र काढलं. हा आपला कारखाना, म्हणाले. आणि मधले चार चौकोन त्यांनी हातानं पुसले. तळहात पांढरा झाला.

"पट्टा जाणार. पाच-सहा जणींचं एक टेबल. टेबलानं पूर्ण फोन जोडायचा, तपासायचा, चुकला तर स्वतःच दुरुस्त करायचा. कोण काय करणार ते टेबलानं ठरवायचं. टेबलाची प्रमुख आळीपाळीनं. वरून सांगणारं कोणी नको. बाहेर काही बदललं की टेबल त्याच दिवशी बदलेल. पट्टा बदलायला सहा महिने लागतात."

मागून कोणीतरी विचारलं, "आणि सुपरवायझर?"

"त्यांनीही टेबलावर यायचं. पगार तोच राहील."

आम्ही चौघं पुढच्या बाकावर होतो. बाकीचे तिघं पुरुष होते. त्या संध्याकाळी ते साहेबांच्या खोलीत गेले, मीही गेले. एक जण कोल्हापूरकडचा. तो फार बोलला. वीस वर्षं घासून ही खुर्ची मिळवली, आता पोरींच्या शेजारी बसून तारा जोडू का, गावी काय तोंड दाखवू. त्याचा आवाज फाटला. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळले.

"तुमचं काय म्हणणं?"

"बरं आहे," मी म्हटलं. "कधीपासून बसायचं?"

तिघांनीही माझ्याकडे पाहिलं. साहेबांचा चेहरा उजळला. त्यांना त्या दिवसात मिळालेला तो पहिला होकार होता.

कोल्हापूरकर सोडून गेला. दुसराही गेला. तिसऱ्यानं स्टोअरमध्ये बदली मागून घेतली. मी एप्रन बदलला आणि खिडकीजवळच्या टेबलावर बसले.

पहिली प्रमुख म्हणून त्या टेबलानं नार्व्याच्या एका बाईला निवडलं. घरची नदीकाठची शेती, सासर-माहेर दोन्ही नार्व्याला. कामाला चपळ आणि तोंडानं फटकळ. माझ्या हाताखाली ती तीन-चार वर्षं होती, मला 'मॅडम' म्हणायची. आता तिनं मला काम सांगायचं होतं. पहिल्या सकाळी ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली, हातात रिसिव्हरचे सुटे भाग.

"मॅ..." म्हणाली आणि थांबली. "आता तुका कितें म्हणूं?"

"काहीही म्हण."

ती विचारात पडली. "वयनी म्हणटां," म्हणाली. "वयनी, ह्यो तारो तू जोड."

मी जोडल्या. बोटांना जुनं काम आठवत होतं. सोल्डरचा धूर नाकात गेला की डोळ्यांत पाणी यायचं, तेवढंच काय ते पाणी. टेबलावर भांडणं व्हायची, कोण हळू, कोण चुकार. आधी ती भांडणं माझ्यापर्यंत यायची आणि मी निवाडा द्यायचे. आता माझ्यासमोरच व्हायची आणि मी मान खाली घालून जोडत राहायचे.

शिकवण्याचे कागद इंग्रजीत आले होते. साहेबांनी ते मराठीत करून भिंतीवर लावले. दुसऱ्या दिवशी शेजारच्या टेबलावरची एक पोरगी म्हणाली, राजभाषा कोंकणी आहे, कागद कोंकणीत पाहिजेत. आमच्या टेबलावरची एक म्हणाली, आमच्या घरात पोथी मराठीत वाचतात, आम्हाला मराठीच पाहिजे. राजभाषेच्या कायद्याला एवढी वर्षं झाली तरी घराघरांत ते विझलेलं नव्हतं. दोघी बोलायच्या त्या एकाच भाषेत, म्हणजे आम्ही सगळेच डिचोली-पेडण्याकडे जे बोलतो त्यात, आणि त्यातच त्या भांडल्या. आठवडाभर चहाला वेगवेगळ्या बसल्या. साहेब हैराण झाले. शेवटी त्यांनी म्हापशाहून दुकानांच्या पाट्या रंगवणारा एक पेंटर आणला आणि त्याच्याकडून सगळ्या पायऱ्या चित्रांत काढून घेतल्या. तांबडी तार इथं, हिरवी तिथं, स्क्रू असा फिरवा. खाली एक अक्षर नाही. भांडण मिटलं. नार्व्याची बाई म्हणाली, "पयलींच केल्लें जाल्यार?" त्यावर टेबल हसलं. मी पण तोंड हसरं केलं असेल.

वर्ष संपता संपता फोन बाहेर जाऊ लागले. परत येणारे फार थोडे. कारखान्याला कुलूप लागलं नाही. मुंबईहून मोठे साहेब लोक बघायला आले, तेव्हा मॅनेजर त्यांना टेबलाटेबलावरून फिरवत आमच्याकडे आले आणि माझ्या मागे उभे राहिले.

"या आमच्या सुपरवायझर होत्या," ते म्हणाले. "खुर्ची गेली, अधिकार गेला, आणि यांनी एका शब्दानं कुरकुर केली नाही. दुसऱ्या दिवसापासून टेबलावर. बदल स्वीकारणं म्हणजे काय, ते यांच्याकडून शिकावं. अशी माणसं असली की कंपनी कुठल्याही वादळातून निघते."

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मग इतरांनीही. नार्व्याच्या बाईनं तेवढ्या वाजवल्या नाहीत. त्या संध्याकाळी तिला म्हापशाला जायचं होतं, गाडीत ती माझ्या शेजारी बसली. अस्नोडा मागं पडल्यावर म्हणाली, "वयनी, तांका खबर ना न्हय?"

"काय?"

"भाऊ केन्ना गेलो तें." माझ्या नवऱ्याला ती भाऊ म्हणायची.

"नसेल."

"सांग मगो तू. तुका राग येना?"

मी खरंच शोधून पाहिलं. खिशात हात घालून किल्ली शोधतात तसं. राग नव्हता. "नाही," मी म्हटलं. तिनं माझा हात धरला आणि म्हापसा येईपर्यंत सोडला नाही.

घरी सासू रोज लेकाला शिव्या द्यायची. चुलीशी बसून, भाकरी थापताना. त्या उतारावर सगळे हळू जातात, तुलाच कसली घाई रे मुडद्या, म्हणायची. मग रडायची, नाक पुसायची आणि भाकरी परतायची. एकदा उंडे, म्हणजे बेकरीचे गोल पाव, फोडून चहाबरोबर खाताना ती अचानक माझ्याकडे वळली. "तुका कायच जावंक ना गो?" तिनं विचारलं. मी उंड्याचा तुकडा चहात बुडवला. ती उठून जनेलापाशी जाऊन बाहेर बघत उभी राहिली, पाठ करून.

पुढच्या पावसाळ्यानंतर कंपनीनं बेळगावच्या आपल्या दुसऱ्या कारखान्यातही पट्टे काढायचं ठरवलं आणि ते काम आमच्या साहेबांवर सोपवलं. तिथले सुपरवायझर बिथरले होते. साहेबांनी मला विचारलं, तुम्ही येऊन त्यांच्याशी बोलाल का. मी गेले. सावंतवाडी-आंबोलीच्या रस्त्यानं कंपनीच्या जीपमधून. काय बोलायचं ते साहेब वाटेत समजावत होते. माणूस भूमिकेला चिकटतो, म्हणाले, कामाला नाही. भूमिका सोडली की माणूस मोकळा होतो. तुम्ही फक्त तुमचं सांगा.

तिथं एका लांब खोलीत वीसेक पुरुष बसले होते. मी सांगितलं. पट्टा होता, तो गेला. टेबल आलं. चित्रं लावली. फोन चांगले निघतात. साहेब भिंतीला टेकून ऐकत होते. माझं संपल्यावर मागच्या रांगेतला एक वयस्क गृहस्थ उठला. टोपी हातात घेतली होती त्यानं.

"बाई, रागावू नका," तो म्हणाला. "हे सगळं खरं. पण ज्या दिवशी तुमची खुर्ची काढली, त्या दिवशी तुम्हाला काय वाटलं? मला झोप येत नाही, म्हणून विचारतो."

तो खरंच विचारत होता. त्याला टोचायचं नव्हतं. त्याचा चेहरा झोप न झालेल्या माणसाचाच होता.

"काही वाटलं नाही," मी म्हटलं.

"असं कसं?"

"माझा नवरा जाऊन तेव्हा महिना झाला होता. त्यामुळं खुर्चीचं काही वाटलं नाही. कशाचंच वाटत नव्हतं. तुमचं तसं नसेल. तुम्हाला वाटणारच."

तो गृहस्थ हळूच खाली बसला. साहेब भिंतीपासून सरळ झाले, पुढे आले आणि म्हणाले, "आपण चहा घेऊ."

परतताना आंबोलीला ड्रायव्हरनं गाडी थांबवली. धुकं होतं. टपरीवर कपातला चहा त्यांनी तसाच धरून ठेवला.

"मला कोणी सांगितलं नाही," ते म्हणाले.

"हो."

"तुम्ही तरी सांगायचं."

"तुम्ही कामाचं विचारत होतात, साहेब. कामाचं सांगितलं."

"मी तुमचं उदाहरण सगळीकडे दिलंय. मुंबईला दिलंय. लवचिकता म्हणून." हा शब्द त्यांनी फार हळू उच्चारला. "म्हणजे ते चुकीचंच होतं."

"फोन तर चांगले निघाले," मी म्हटलं. त्यांना बरं वाटावं म्हणून म्हटलं नव्हतं. ते तसंच होतं.

त्यांना म्हापशाला जायचं होतं, वाटेत मला घरी सोडायला ते पेडण्यात थांबले. सासू दारातच होती. गाडीतून उतरणारा पांढरा शर्ट बघून तिनं त्यांना आत बोलावलं, पाणी दिलं, आणि ते बसायच्या आत बोलायला लागली. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका कोणालाही 'तू'च म्हणतात.

"तू हिचो सायब? बरें. आयक. माजो झील गेलो. ही रडली ना. एक दीस रडली ना. कामार गेली. माका वाटलां, हिका काळीजच ना. आता माका भंय दिसता. मी रडून रडून हलकी जालंय. ही कशी हलकी जातली?"

मी तिथंच दाराला धरून उभी होते. सासू हे माझ्याबद्दल बोलते आहे, तिला इतके दिवस राग नव्हता तर भीती वाटत होती, हे मला समजलं. समजलं, पण आत कुठं पोचलं नाही. साहेबांनी पाणी संपवलं. म्हणाले, "आई, माझी चूक झाली." सासू म्हणाली, "तुजी कसली?" आणि त्यांना जाताना केळी दिली.

बेळगावचे पट्टे ठरल्याप्रमाणे काढले नाहीत त्यांनी. आधी एकेका सुपरवायझरच्या घरी जाऊन बसले. कोणाची मुलगी लग्नाची, कोणाची बायको आजारी, कोणाला गावात सुपरवायझर म्हणूनच ओळखतात. कोणाला आधी टेबलावर आणायचं, कोणाला वर्षभर थांबायचं, हे त्यांनी त्यावरून ठरवलं. त्या झोप न येणाऱ्या गृहस्थाला त्यांनी निवृत्तीपर्यंत खुर्चीवरच ठेवलं. याला वेळ लागला. मुंबईच्या लोकांना तो वेळ आवडला नाही.

मग मुंबईहून कोणीतरी त्यांच्याच फळ्यावरचं चित्र वापरलं. टेबलं स्वतःचं स्वतः बघतात, तर प्रत्येक कारखान्याला वेगळा मॅनेजर कशाला? दोन कारखान्यांना मिळून एक पुरे, आणि तो मुंबईत बसेल. हे साहेबांना फोनवर कळवलं. आम्हीच जोडलेला फोन होता तो, त्यांच्या खोलीतला.

निघायच्या दिवशी ते टेबलाटेबलावर आले. आमच्याकडे आल्यावर नार्व्याची बाई उठून उभी राहिली आणि सरळ म्हणाली, "सायबा, तुमी वचूं नाकात." तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते धुराचं नव्हतं. साहेब म्हणाले, "आराखडा माझाच आहे, बाई. त्यांनी फक्त पुढं नेला." ते हसले, पण ओठ नीट हलले नाहीत. मला म्हणाले, "आईंना नमस्कार सांगा." त्यांची कोपरावर दुमडलेली बाही सुटून खाली आली होती, ती त्यांनी वर केली नाही. मी हात जोडले. त्यांना वाईट वाटतंय हे दिसत होतं, आणि मला वाटायला हवं होतं हेही कळत होतं.

त्यानंतर बरीच वर्षं टेलिफोन चालले. सासू गेली, शेवटची दोन वर्षं माझ्याच हातून जेवून. नार्व्याच्या बाईला नातू झाला. मग लोकांच्या खिशात मोबाइल आले आणि आमच्या फोनांची खोकी गोदामात साचू लागली. एक तरुण अधिकारी आला. पडद्यावर चित्रं दाखवली त्यानं. कंपनी आता औषधांच्या बाटल्यांची झाकणं बनवणार होती, मोठ्या मशीनवर. सोल्डरिंग संपलं. सगळ्यांना पुढच्या सोमवारपासून मशीनवर जायचं होतं. एकेकीला बोलावून तो होकार घेत होता. पोरगा नम्र होता, खुर्ची पुढे करून 'बसा' म्हणाला.

"तुमचं नाव मी ऐकलंय," तो म्हणाला. "तुम्हाला बदलाची अडचण नसते म्हणतात."

मी बसले. टेबलावर त्यानं प्लॅस्टिकचं एक पांढरं झाकण ठेवलं होतं, नमुना म्हणून. मी ते हातात घेतलं. हलकं होतं, त्यात काही जोडायचं नव्हतं. आणि मी ते त्याच्याकडे परत सरकवलं. का सरकवलं ते आधी कळलं नाही. मग कळलं की मला हे नको आहे. मला माझी सोल्डरिंगची काडी हवी होती, खिडकीजवळची जागा हवी होती, नार्व्याच्या बाईचं ओरडणं हवं होतं.

"मला नको," मी म्हटलं.

त्याला नीट ऐकू आलं नाही. "काय म्हणालात?"

"मला मशीनवर जायचं नाही. इतक्यात नाही."

तो गोंधळला. पण माणूस वाईट नव्हता. जुन्या फोनांची दुरुस्ती अजून काही महिने चालणार होती, सरकारी कचेऱ्यांतून फोन परत यायचे. त्यावर एक माणूस लागेल, म्हणाला, तिथं बसा तोवर. मी बसले.

पहिल्याच आठवड्यात वाळपईच्या कुठल्याशा कचेरीतून एक फोन आला. तो चालू करून मी कानाला लावला. रिकामी घरघर ऐकू आली. मी तो तसाच धरून बराच वेळ बसले आणि मग माझ्या लक्षात आलं की माझ्या मनगटावरून पाणी ओघळतंय, आणि त्या खोलीत सोल्डरचा धूर नव्हता. नार्व्याची बाई मशीनवरून उठून माझ्या खोलीत ठेवलेला डबा घ्यायला आली होती. तिनं मला पाहिलं, दार लोटून घेतलं आणि माझ्या शेजारी स्टूल ओढून बसली. डबा उघडला, त्यातल्या भाताचे दोन भाग केले, आणि मी रडत असताना ती जेवू लागली.